अकरा ओळी

मायफळं कुटली, हिराकस घातला,
पावसाच्या पाण्यात डिंक विरघळवला.
डुकरं मारायच्या महिन्यात माझी शाई तयार झाली.
वासराचं कातडं ताणून खडूने घासलं,
तरी केसांची बाजू केसांचीच राहते,
अंधारातसुद्धा बोटाला कळते.

लिन बंदरात, खारवलेल्या हेरिंगच्या पिंपांमागे
गुनोराचं घर. लोकरीच्या व्यापाऱ्याची विधवा.
तिला ती लांबलचक कहाणी हवी होती,
जत्रेत हार्पवर सांगतात ती,
पण स्वतःची, पेटीत ठेवता येईल अशी.
पानाला एक पेनी. शाई माझी, मेणबत्ती तिची.
आणि संध्याकाळी, जेवढं लिहिलं तेवढं वाचून दाखवायचं.

ती अक्षरशत्रू. पण कान असा,
की यमक निसटलं की हातातली चाती थांबायची.
"इथे काहीतरी गाळलंस."
आणि गाळलेलं असायचंच.
डोळा एका 'आणि'वरून पुढच्या 'आणि'वर उडी मारतो,
मधलं अख्खं युद्ध बुडतं:
चाळीस घोडे, एक पूल, कुणाचा तरी मेलेला काका.

पहिल्या पानावर तांबड्या शाईत मी लिहिलं होतं:
हे पुस्तक गुनोराचं. चोरेल त्याचे हात झडोत.
"यात मी कुठली?"
दाखवली.
नव्या गायीच्या पाठीवरून फिरवावं
तसं तिने त्यावरून बोट फिरवलं.
मग हात झडोत कुठे आहे, तेही विचारलं.

लेन्टमध्ये आम्ही निरोप्यापाशी आलो.
बुरुजातली राणी भावाला लिहिते: ये.
निरोप्या सरायीत थांबतो, बिअर पितो, झोपतो.
कारभारी त्याच्या पिशवीतलं पत्र बदलतो: येऊ नकोस.
"अरे, थांबू नकोस रे तिथे," गुनोरा म्हणाली,
मला नव्हे, त्याला.
मग उठली. पेटीच्या तळातून, मेणकापडातून
एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ब्रूजहून आलेलं. वीस वर्षं झाली.
चर्चच्या थर्स्टनने वाचलं होतं:
हामो तापाने गेला, शेवटी तुझं नाव घेतलं.
एवढंच म्हणाला तो.
पण ओळी अकरा आहेत. मोजता येतं मला.
लोकरीचे गठ्ठे मीच मोजायचे."

अक्षर हामोचंच होतं, हिशेबाच्या वहीतलं, उताराला लागलेलं.
तिथे घर केलंय. दोन मुलं आहेत.
वजनाचे काटे विकून टाक.
मी मेलो असं समज.

थर्स्टनने फक्त 'समज' गाळलं होतं.

कहाणीत पत्र बदलणारा नेहमी घातच करतो,
शेवटी त्याला घोड्यांमागे बांधतात.
मी जन्मभर दुसऱ्याचं उतरवत आलो,
चुकलं तर खरवडायला डाव्या हातात सुरी धरून.
त्या रात्री सुरी नव्हती.
मी अकरा ओळी रचल्या,
आधार नसलेल्या, पहिल्या आणि शेवटच्या.
ताप घातला, एक दयाळू नन घातली,
कालव्यावरचं धुकं घातलं,
आणि तिचं नाव, तीनदा.

ती माझ्या खांद्याशी उभी होती.
माझ्या आवाजामागून तिचं बोट
ओळीखालून सरकत होतं, मागे न पडता.
मी थांबलो तेव्हा ते शेवटच्या टिंबावर होतं.

"छान वाचतोस," ती म्हणाली.
"थर्स्टनपेक्षा पुष्कळच छान.
तीनदा गुनोरा म्हणालास.
मी शोधत होते. एकदाही नाही."

बाहेर बोटी एकमेकींवर घासत होत्या.
मला शब्द सुचेना. मला कधीच सुचत नाहीत,
मी नक्कलनवीस.

तिने घडी घातली, जुन्याच घडीवर.
पेटीत ठेवली नाही; पुस्तकात सारली,
निरोप्या झोपला होता त्या पानाशी.
मेणबत्तीची काजळी चिमटीने काढली
आणि चाती उचलली.

"हं. कुठे होतो आपण?
सरायीत ना? वाच.
आणि या खेपेला काही गाळू नकोस."